टोकावर कोणी राहत नाही

३ तारीख, मंगळवार

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र चुलीत घालायच्या आधी जरा थांब. डाव्या कोपऱ्यात शिक्का आहे बघ. हे पत्र सरकारी आहे. सरकारी कागद जाळला की दंड होतो. किती होतो ते मला माहीत नाही, पण होत असणारच, दंड करायला सरकारला कधी कंटाळा येत नाही.

तर मी नोकरीला लागले. दहावीला दोनदा आपटलेल्या मुलीला पुस्तक लिहायच्या कामावर घेतलंय, आता बोल. पुस्तक म्हणजे जिल्ह्याचं. आपले इतिहासाचे मास्तर आठवतात ना, तुला पहिल्या बाकावर बसवायचे आणि मला शेवटच्या बाकावर उभं करायचे, ते? ते रिटायर झाले आणि सरकारनं त्यांना हे काम दिलं. शंभर वर्षांपूर्वीचं एक जाडजूड पुस्तक आहे. त्यात आपला अख्खा किनारा आहे. डोंगर, खाड्या, बंदरं, कोण राजा कधी आला आणि ताप येऊन कधी परत गेला, लोक कसे आहेत, सगळं. ते आता नवीन करायचंय. मास्तर लिहितात आणि मी गावोगाव हिंडून माहिती आणते. प्रत्येक घराचा एक कागद आणि गावाचा एक मोठा तक्ता. तक्त्यात एक्केचाळीस प्रश्न.

जुन्या पुस्तकाचं पहिलं वाक्य ऐक. 'हा जिल्हा लांब, अरुंद व ओला असून येथील लोक काटक, संशयी व पाहुण्यास उशिरा पाणी विचारणारे आहेत.' मास्तर म्हणाले, पहिला अर्धा भाग अजून खरा आहे, दुसरा तू तपासून ये. आत्तापर्यंत चाळीस गावं झाली. एकोणतीस गावांत पाणी उशिराच आलं.

आता कामाचं. तुमच्या खाडीपलीकडच्या टोकाचा तक्ता भिजला. तर सोबत कोरा पाठवतेय, तेवढा भरून दे. वस्ती किती, विहिरी किती, त्यातल्या गोड किती, समुद्र दर वर्षी किती आत येतो, लोकांचा स्वभाव कसा. घाई आहे. पुस्तकाची पानं टाइप व्हायला गेलीत.

मी स्वतः आले असते, पण मला होडी लागते, पोटात ढवळतं, तुला माहितीच आहे.

टिकली

६ तारीख, शुक्रवार

ताई,

काल धक्क्यावर गेले होते. बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीआड उभी राहून भाऊजींची होडी लागायची वाट बघितली. मला वाटलं मी लपलेय. भाऊजींनी दोर बांधला आणि वळून न बघताच म्हणाले, "भिंतीला टेकू नकोस, ओली असते."

मी विचारलं, पत्र पोचलं का. म्हणाले, "पोचलं. तिनं वाचलं. घडी घालून डब्यात ठेवलं."

"काय म्हणाली?"

"काही नाही. डब्याचं झाकण मात्र जोरात लावलं."

म्हणजे जाळलं नाहीस. चल, दंड वाचला.

तुला उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस, पण तक्ता तरी दे. ताई, मला बसवत नाहीये. मास्तरांच्या खोलीत तीन खुर्च्या आहेत आणि सकाळपासून मी तिन्हींवरून उठलेय. मास्तर म्हणाले, "मुंग्या आहेत का?" मी म्हटलं, हो. त्यांनी खुर्ची उलटी करून बघितली.

या कामात मजा फार येते, ते सांगायचं राहिलं. खाडीच्या वरच्या अंगाला एक गाव आहे. तिथं शेताच्या मधोमध दगडी पायऱ्या आहेत. चांगल्या बावीस. पायऱ्या उतरून गेलं की खाली काही नाही, नुसतं गवत. मी म्हटलं, कोणा येड्यानं बांधल्या? तर म्हणे ते बंदर होतं. इथं मोठमोठी जहाजं लागायची. मग गाळ आला, खाडी हटली, बंदर दोन कोस खाली गेलं. मग तिथंही गाळ आला. आपल्या जिल्ह्याचा सगळा इतिहास एवढाच आहे बघ. पाणी सरकतं, माणसं सामान उचलून त्याच्या मागे जातात आणि पायऱ्या शेळ्यांना मिळतात.

आणि स्वभाव. 'नाही' हा शब्द आपल्याकडे कोणाच्याच तोंडात नाही. 'बघू' आहे. पोरगी मागायला आले, बघू. छप्पर गळतंय, बघू. एका गावाच्या रकान्यात मी लिहिलं, 'येथील लोक भांडतात, पण फक्त ओहोटीला. भरतीला कामे असतात.' मास्तरांनी लाल पेन्सिलीनं काट मारली, पण मारताना त्यांचे खांदे हलत होते. मग खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'येथील लोक वेळेचे भान राखणारे आहेत.'

बरं, एक सांगते. तक्ता भिजलेला नाही.

तो मी तीन महिन्यांपूर्वीच भरून दिला. न येता भरला. आकडे थोडे इकडचे तिकडे झालेत. म्हणून म्हणतेय, तू खरा पाठव, मी हळूच बदलते, कोणाला पत्ता लागणार नाही. एवढीच गोष्ट आहे.

टिकली

९ तारीख, सोमवार

ताई,

एवढीच गोष्ट नाही. भाऊजींनी तुला नोटीस दाखवली असेलच. आज सकाळी ती धक्क्याच्या खांबावर लागली. शिपाई खिळे ठोकत होता आणि मी मागे उभी राहून वाचत होते. 'टोक येथे वस्ती नसल्याने तेथील धक्का व सरकारी होडी या महिन्याच्या १५ तारखेपासून बंद करण्यात येत आहे. हरकत असल्यास १४ तारखेस सायंकाळी पाचपर्यंत लेखी कळवावी.'

शेजारी भाऊजी उभे होते. त्यांनी गेल्याच आठवड्यात कुठून तरी ऐकून अर्ज केला होता. तो त्यांना परत आलाय. त्यावर लाल शाईनं लिहिलंय, 'अर्जदाराचा पत्ता अपूर्ण. सदर ठिकाणी कोणी राहत नाही.'

भाऊजी म्हणाले, "मी रोज जेवायला कुठं जातो मग?"

मी हसले नाही. तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटतं त्यांना तेव्हाच कळलं. होडी सोडून गेले.

ताई, तक्त्यात मी लिहिलं होतं, 'वस्ती: नाही.'

आता सगळं सांगते, एका दमात, मधे थांबले तर परत काहीतरी गंमत करून पळून जाईन. त्या दिवशी मी खरंच धक्क्यावर आले होते. कागद, पेन्सिल, शेंगदाणे घेऊन. भाऊजींनी मला बहुतेक ओळखलं नाही, डोक्यावर टोपी होती, पावडर फासल्यासारखं तोंड रस्त्याच्या धुळीनं पांढरं पडलेलं. त्यांनी हाक मारली, "येणार का?" मी म्हटलं, पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेलाही तेच म्हटलं. चार खेपा गेल्या. शेंगदाणे संपले. तुझ्या दारात उभी राहून 'घरात माणसं किती' असं विचारायचं, या विचारानंच माझे पाय त्या खांबाला चिकटले होते.

मग पेन्सिल काढली. वस्तीचा रकाना आला. घरी दोन वर्षं एकच वाक्य ऐकतेय. कोणी तुझं नाव काढलं की बाबा ताडपत्री शिवायचं मशीन न थांबवता म्हणतात, "पलीकडं आपलं कोणी राहत नाही." माझा हात त्या वाक्यावरून घसरला आणि लिहून मोकळा झाला. खाली स्वभावाच्या रकान्यात लिहिलं, 'फक्त खेकडे. चाल तिरकी, पण प्रामाणिक.' मला वाटलं, मास्तर लाल काट मारतील, रागावतील, परत पाठवतील. तेव्हा बघू.

पण मास्तरांनी नेमकं ते खरं धरलं. जुन्या पुस्तकात लिहिलंय की टोकावर चाळीस घरं होती आणि एका वादळात समुद्रानं अर्धी नेली. मास्तर म्हणाले, "म्हणजे उरलेलीही गेली." खेकड्यांना काट मारली आणि बसल्या बैठकीला एक पान लिहिलं. वाळूत बुजलेल्या उंबरठ्यांवर, दिवे विझलेल्या खिडक्यांवर, माणसाच्या चिकाटीवर. मला वाचून दाखवलं. वाचताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही रडले. खोटं नाही सांगत, मीच मारलेल्या गावासाठी मी रडले. मग कसं सांगायचं, की मास्तर, त्या गावात माझी बहीण राहते?

ते पान टाइप होऊन कचेरीत गेलं. तिथला कारकून कुठला धक्का ठेवायचा, कुठला मोडायचा याची यादी करत होता. त्याला तयार कागद मिळाला.

होडी बंद झाली तर तुमचं काय होईल ते मला कळतं. मी इतकी ढ नाही. भाऊजींची नोकरी तर जाईलच, पण दवाखाना, बाजार, शाळा, सगळं अलीकडे आहे. आणि वाळूवरून चालत यायचं तर डोंगराला वळसा घालून अख्खा दिवस. सहा महिन्यांत लोक सामान बांधतील. मी लिहिलेलं खरं होईल.

आधी एका खोट्यानं तुझं आयुष्य उधळलं, तेवढं पुरलं नाही का मला? ते खोटंही नव्हतं म्हणा, खरं होतं, तेच तर वाईट. भाऊजींची पत्रं मी तुला पोचवायचे तेव्हा ती वाचायची नाहीत असं कबूल केलं होतं. आणि त्यातलं एक दुकानात कारागिरांसमोर उभी राहून त्यांच्या आवाजात, वल्हं मारत मारत वाचून दाखवलं. काय हसले होते सगळे. मग ते एकेक करून हसायचे थांबले आणि मी आणखी जोरात वाचत राहिले. वाळत टांगलेल्या ताडपत्रीच्या मागे बाबा आहेत, हे मला शेवटी कळलं.

त्यानंतर घर सोडून जाताना तू मला काहीच बोलली नाहीस. एक मुस्कटात मारली असतीस तर हिशेब मिटला असता.

मला होडी लागत नाही, हे तू पहिल्याच पत्रात ओळखलं असशील.

टिकली

११ तारीख, बुधवार

ताई,

मास्तरांना सांगितलं.

ते चहा पीत होते. मी उभी होते, बस म्हणाले तरी बसले नाही. सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

"किती घरं आहेत तिथं?"

"माहीत नाही."

"म्हणजे अजूनही माहीत नाही."

यापेक्षा त्यांनी छडी काढली असती तर बरं. मग म्हणाले, "इतिहासात खोटं लिहिणारे पुष्कळ होऊन गेले. पण त्यांना पगार तुझ्यापेक्षा जास्त होता." आणि कपाटातून ते पान काढलं. मला वाटलं फाडतील. नाही फाडलं. उभं राहून एकदा पूर्ण वाचलं आणि खणात ठेवलं. "परिच्छेद चांगला होता," एवढंच म्हणाले.

मग आम्ही कचेरीत गेलो. त्या कारकुनाला सगळे टाचणी म्हणतात. बारीक आहे आणि समोर येईल ते कशाला तरी टाचतो. बोलताना शर्टाच्या खिशातनं टाचणी काढतो आणि दातात धरतो. मास्तर त्याला म्हणाले, "चूक माझी आहे. तक्त्यावर सही माझी आहे." मी म्हटलं, "माझी आहे." टाचणी म्हणाला, "दोघांचीही असू द्या. चूक दुरुस्तीचा नमुना क्रमांक सहा एकच लागतो."

मी म्हटलं, "पण गावात माणसं आहेत. त्यांनी अर्ज केला होता."

"आला होता ना. पण वस्ती नसलेल्या गावातून अर्ज कसा येईल? म्हणून अपूर्ण पत्त्यांना टाचला."

"नावाड्याला तुम्ही रोज बघता. तो रात्री कुठं जातो?"

"कचेरी पाचला बंद होते," टाचणी म्हणाला. "पुढचं मला माहीत नाही."

ताई, तो वाईट नाही. त्याला सगळं कळत होतं. पण कागदानं झालेली चूक कागदानंच निस्तरायची, त्याच्या हातात तेवढंच आहे. नियम असा. होडी ठेवायची तर गावात साठ डोकी पाहिजेत. जिनं आधी मोजणी केली तिनंच परत करायची. घराघराचा कागद वेगळा, घरातल्या माणसानं स्वतः सांगितलेला आणि सही केलेला. एक जरी रकाना कोरा राहिला तर ते घर धरायचं नाही. आणि १४ तारखेला पाचच्या आत टेबलावर.

"अंदाज नको," तो म्हणाला. "शेजाऱ्यानं सांगितलेलं नको. दोरीवरचे कपडे बघून तर अजिबात नको. मागे एकानं तसं केलं आणि परीट निघाला."

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "आता होडी लागते का?"

मी म्हटलं, बघू. त्यांनी असं बघितलं की मी म्हटलं, नाही लागत.

परवा येते.

टिकली

१३ तारीख, शुक्रवार, दुपारी

ताई,

हे तुझ्या पायरीवर बसून लिहितेय. मधे फक्त दार आहे. आत तू भांडी लावतेयस, एकेक ताट ऐकू येतंय.

सकाळच्या पहिल्या खेपेला आले. भाऊजींनी विचारलं, "पुढच्या खेपेला नाही ना?" म्हणजे त्या दिवशी त्यांनी ओळखलं होतं. टोपीतसुद्धा. मला म्हणाले, "मी चार खेपा रिकाम्या मारल्या तुझ्यासाठी." मग मी पाण्याकडेच बघत बसले.

तुमचं गाव लिहून घेतलंय सगळं. सतरा घरं. सगळ्यांची पाठ समुद्राकडे आणि दारं खाडीकडे, जसं काही समुद्राशी अबोला आहे. दोन विहिरी, त्यातली एक परवाच्या वर्षीपासून खारट. एका आजोबांना विचारलं, समुद्र किती आत आला? त्यांनी बोट केलं. "तो पक्षी बसलाय ना, तिथं आमचा गोठा. त्याच्या पलीकडं माझ्या बापाचं घर. आणि आजाचं कुठं ते आता माशांना विचारायला लागेल." तीनदा मागे सरकून चौथं घर बांधलंय त्यांनी. मी विचारलं, अलीकडे का नाही येत राहायला? म्हणाले, "बघू."

माझी कीर्ती आधीच पोचली होती. विहिरीजवळच्या घरातल्या आजी दारातच बसल्या होत्या. "तूच का गं ती, आम्हाला मारणारी?"

"हो आजी."

"मग लिही. मी आहे."

"वय?"

"मेल्यापासून धरू, का आधीपासूनचं?"

आजूबाजूचे हसले. मी पण हसले आणि कागदावर टपकन पाणी पडलं, ओल्या कागदाला पेन्सिलीनं भोक पडलं, आजींचा कागद दुसऱ्यांदा लिहायला लागला. दुसऱ्या वेळी त्यांनी वय चार वर्षांनी कमी सांगितलं. आता बोलणार कोण?

पाणी सगळ्यांनी लगेच विचारलं. जुन्या पुस्तकात टोकापुरतं तरी चुकलंय.

सोळा घरं झाली. अठ्ठावन्न माणसं.

मग तुझं दार वाजवलं. तू विचारलंस, "कोण?" मी म्हटलं, मोजणीवाली. आणि तू आतून म्हणालीस, "इथं कोणी राहत नाही."

बरोबर आहे. दोन वर्षांनी तुझा आवाज ऐकला, तेवढ्यावर समाधान मानायला पाहिजे होतं. पण मी धक्क्यावर पळत गेले, भाऊजींना म्हटलं, तुम्ही सांगा ना, तुम्ही पण घरातलेच, सही करा आणि संपवा. ते दोराला गाठ मारत होते. म्हणाले, "मी होडीचा. घराचं तिला विचार." मी म्हटलं, होडी तुमचीच चाललीय. म्हणाले, "गेली तर गेली. तिच्या घराचा आकडा तिच्या तोंडचाच लागणार. एकदा तिची गोष्ट तिला न विचारता वाचून झालीय."

मी परत आले. पायरीवर बसले, उठले, परत बसले. घराला तीन फेऱ्या मारल्या, तुला खिडकीतून दिसलं असेल. मागे दोरीवर कपडे आहेत. मोठे कपडे आहेत आणि ताई, झबली आहेत. माझ्या तळहाताएवढी.

अठ्ठावन्न अधिक तीन. मला बेरीज येते. पेन्सिल हातात आहे, कागद मांडीवर आहे आणि तुझी सही मला डोळे मिटून करता येते, शाळेच्या प्रगतीपुस्तकावर बाबांची आणि तुझी दोघांची मी कितीदा केलीय. आणि या वेळी लिहिलेलं खरंच असेल. कोणाला काही कळणार नाही. गाव वाचेल.

नाही लिहिलं. कागद कोरा आहे. तू सांगितल्याशिवाय तुझ्या घरात एकही माणूस मी लिहिणार नाही, आणि पुसणारही नाही.

माफी मागत नाहीये. ती मागायला आले असते तर तू दार न उघडून बरोबरच केलं असतंस. मी आकडा मागतेय. तुझा नको असेल तर विहिरीजवळच्या आजींसाठी दे, त्यांना महिन्यातून दोनदा डोळे दाखवायला जावं लागतं.

कागद आणि पेन्सिल दाराखालून सरकवतेय. आज चारला पाणी ओसरायला लागतं, म्हणजे अलीकडे न्यायची शेवटची खेप साडेतीनची. मी इथंच आहे.

टिकली

१४ तारीख, शनिवार, संध्याकाळ

ताई,

काल तू कागद दाराखालून परत सरकवलास तेव्हा मी तो न वाचताच पळाले, भाऊजी शिट्टी मारत होते. होडीत बसल्यावर उघडला.

'मोठी माणसे दोन. लहान एक, मुलगी, वय सात महिने.' इथपर्यंत वाचलं आणि मोठ्यांदा म्हटलं, एकसष्ट. भाऊजींनी मान हलवली, जसं काही हवा कशी आहे ते सांगितलं.

पुढच्या रकान्याचा मी विचारच केला नव्हता. सोळा घरांत तिथं कोणाचा मुलगा नोकरीला, कोणाची मुलगी शिकायला, असं होतं. 'घरातील परगावी राहणारी माणसे.' तू लिहिलंयस, 'दोन. वडील. परगावी राहण्याचे कारण: राग. धाकटी बहीण. कारण: भीती.'

मी तो कागद घडी करून पोलक्यात ठेवला. अलीकडे येईपर्यंत तीनदा काढून परत वाचला. 

आज तीनला टाचणीकडे गेले. मास्तर आधीच येऊन बाकावर बसले होते. टाचणीनं सतराच्या सतरा कागद एकेक करून वाचले, ओठ हलवत. तुझ्यापाशी थांबला.

"ही दोन माणसं याच शहरात राहतात?"

"हो."

"मग त्यांच्या सह्या लागतील. परगावचा माणूस हाकेच्या अंतरावर असला तर त्यानं लिहून द्यायचं, की मी या घरातला आहे. नाहीतर कोणीही कोणालाही आपल्या घरातलं म्हणेल."

"आणि सही नसेल तर?"

"तर कागद अपुरा. घर धरता येणार नाही. अठ्ठावन्न."

ताई, तुला हा नियम माहीत होता का? नसेलच. पण मला एक मिनिट वाटलं की तूही माझ्यासारखीच आहेस, फक्त माझ्यापेक्षा हुशार.

'भीती'पुढे मी सही केली. पावणेचार झाले होते. मग धावत सुटले. मासळीबाजारातून, कोणाच्या तरी टोपलीवरून उडी मारून, शिव्या खात.

बाबा मोठ्या मशीनवर होते. ट्रकची ताडपत्री होती, अर्धी मांडीवर, अर्धी जमिनीवर. मी कागद पुढे धरला.

"सही पाहिजे."

"कसली?"

"तुम्ही कुठल्या घरातले त्याची."

त्यांनी पत्ता वाचला. पाय पायडलवरच होता, मशीन चालू होतं. "पलीकडं आपलं," असं म्हणाले आणि पुढे बोललेच नाहीत. मशीन चालत राहिलं, सुईखाली कापड नव्हतं. मी तेव्हा सगळं सांगितलं. वस्ती नाही असं मी लिहिलं, तुमचंच वाक्य लिहिलं, आणि त्यावर सरकारनं शिक्का मारला. आता पाचला ते कायमचं खरं होईल.

बाबांनी हात पुसले. चष्मा लावून कागद खिडकीजवळ नेला. फार वेळ एकाच ओळीवर होते.

"सात महिने?"

"तसं लिहिलंय."

"तू बघितलीस?"

"दार बंद होतं. दोरीवर झबली बघितली."

"केवढी?"

मी तळहात दाखवला. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, कापड मोजतात तसं. मग बोट खालच्या ओळीवर गेलं.

"राग? हे कोणी लिहिलं?"

"घरातल्या माणसानं. तोच नियम आहे."

"मला राग आहे असं मी कधी म्हटलं?"

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. म्हटलं, "मग तुम्हीच सांगा कारण, मी लिहिते."

"काम," बाबा म्हणाले.

"बाबा, दोन वर्षं काम?"

"ताडपत्र्या काय आपोआप शिवल्या जातात?"

पेन्सिल त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. 'राग' वर आडवी रेघ मारली, शेजारी त्यांच्या त्या जाड अक्षरात 'काम' लिहिलं आणि सही केली. धादांत खोटं, ताई. सरकारी कागदावर. माझ्या डोळ्यांदेखत. पाच दिवसांत मी खरं लिहायला शिकले, घरोघर हिंडून, आजींच्या तोंडाचा मार खाऊन, आणि तिथं उभी राहून मी चकार शब्द बोलले नाही.

खाडाखोड केली की ज्यानं केली त्यानं समोर येऊन सांगावं लागतं, हा आणखी एक नियम. म्हणून बाबा बरोबर आले. शर्टाला सुई तशीच टोचलेली, चपला वेगवेगळ्या. रस्ताभर माझ्यापुढे दहा पावलं. कचेरीच्या पायऱ्या चढलो तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती. मास्तर बाकावरून उठून उभे राहिले, शाळेत साहेब आल्यावर राहायचे तसे.

टाचणीनं खाडाखोड बघितली. मग बाबांकडे बघितलं, सुईकडे बघितलं, दातातली टाचणी काढली. मला वाटलं आता विचारणार, काम काय अलीकडेच असतं का, होडी तर रोज जाते. त्यानं फक्त लेखणी शाईत बुडवली.

"नोंद करावी लागते," तो म्हणाला. "काम अजून किती दिवस चालणार?"

बाबांनी घसा साफ केला.

"संपत आलंय," ते म्हणाले.

टिकली